लोणारचे नियम ठरवताना भाविकालाही विचारा

लोणारला आलेला पर्यटक काठावर थांबून आधी फोन काढतो आणि मग विचारतो, 'खाली जायला वाट कुठून?' याच तालुक्यातल्या बीबीसारख्या गावातून नवरात्रात निघालेल्या भाविकाला हा प्रश्न पडत नाही. तो कमळजादेवीच्या दर्शनाला निघालेला असतो. विवर त्याला वाटेत लागते.

ऑस्ट्रेलियाच्या मध्य भागातील वाळवंटात तनोराला नावाचे असेच आघाताचे विवर आहे, सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वीचे. तिथले अरेर्न्ट आदिवासी सांगतात, आकाशगंगेत बायका नाचत होत्या, एकीने बाळाला लाकडी परातीत ठेवले, परात कलंडली आणि बाळ खाली पडले. आपल्याकडे लोणासुर जमिनीखाली दडला होता आणि विष्णूने त्याच्या विवराचे झाकण उडवले. शास्त्रज्ञांच्या उल्केच्या जवळ जाणारी गोष्ट अरेर्न्टांची, हे मान्य करावे लागेल!

फरक आहे तो नियम कुणी करायचे यात. तिथल्याच उलुरू या पवित्र खडकाची मालकी १९८५ मध्ये आदिवासींना परत मिळाली. पायथ्याच्या गुहांत त्यांची जुनी चित्रे आहेत. काही जागा फक्त स्त्रियांनी, काही फक्त पुरुषांनी पाहायच्या. तिथे फोटो काढू नये, असे पर्यटकांना बजावले जाते. 'कृपया चढू नका' ही विनंती अनेक वर्षे झाली. अखेर आदिवासींचे बहुमत असलेल्या मंडळाने निर्णय घेतला आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंद झाली. पर्यटक आजही जातात, पायथ्याने फिरतात.

लोणारला संरक्षणाची कमी नाही. १९७९ पासून राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक, २००० मध्ये अभयारण्य, २०२० मध्ये रामसर स्थळ. पण हे सारे खात्यांचे. पूजा करणाऱ्याला या टेबलावर खुर्ची कुठे आहे?

भाविक निर्दोष आहेत असे नाही. नारळाच्या शेंड्या, अगरबत्तीचे पुडे, प्लास्टिकच्या पिशव्या काही फक्त पर्यटकांच्या नसतात. आणि या तळ्यातून पाणी बाहेर जायला वाट नाही. आत गेलेले आतच राहते. खारट, अल्कधर्मी पाण्यातले सूक्ष्मजीव हीच तर लोणारची श्रीमंती. जून २०२० मध्ये तळे गुलाबी झाले, तेही अशाच क्षारप्रेमी जीवांमुळे.

म्हणूनच नियम वरून लादून चालणार नाही. अभयारण्याचा दंड आणि देवीची आण यांपैकी आपल्याकडची माणसे आण आधी पाळतात. नवरात्राच्या महिनाभर आधी पुजारी, आसपासची गावे, वनविभाग आणि पुरातत्त्व खाते यांनी एकत्र बसावे. गाभाऱ्यात कॅमेरा चालेल का, प्लास्टिक काठावरच कुठे ठेवायचे, एका वेळी किती जण उतरतील, एवढे तीन प्रश्न पहिल्या बैठकीला पुरे आहेत.