पाणंद बुजली की शेजार दुरावतो

मालवण किनाऱ्यावरील कोणतीही जुनी वाडी पायी फिरून पाहावी. दोन गडग्यांमधून जाणारी पाणंद, व्हाळावरचा साकव, माडांच्या बागेतील आडवाट अशा अनेक वाटांनी घरे एकमेकांस जोडलेली आढळतात. एक वाट अडली, तर दुसरी असते.

१९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला; २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. किनाऱ्यावरील जमिनीस मोल आले, हे स्वागतार्हच आहे. परंतु भूखंड पाडून होणाऱ्या नव्या वसाहतींची रचना निराळी असते. एक फाटक, आत एक रस्ता आणि शेवटी चिऱ्यांची भिंत. हाकेच्या अंतरावरील घरी जाण्यासाठीही मग मुख्य रस्त्याचा वळसा पडतो. ज्याच्याकडे वाहन आहे, त्यास तो जाणवत नाही. जाणवतो तो माशांची पाटी घेऊन निघालेल्या बाईला, शाळकरी मुलाला आणि वृद्धांना.

हा केवळ कोकणाचा प्रश्न नव्हे. बॅरिंग्टन-ली व मिलार्ड-बॉल या संशोधकांनी २०२० मध्ये जगभरातील रस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९७५ नंतर जगाच्या मोठ्या भागात बांधलेले रस्ते पूर्वीपेक्षा कमी जोडलेले आहेत, असे त्यांना आढळले. जपान व लॅटिन अमेरिकेत मात्र हे जोडलेपण बरेच टिकून आहे. म्हणजे विकास आणि तुटलेपण यांची सांगड अटळ नाही. घर पाडून नवे बांधता येते. रस्त्याची आखणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाही. आजची चूक नातवंडांना भोगावी लागते.

मे २०२१ मधील तौक्ते वादळात झाडे उन्मळून रस्ते अडले. अशा वेळी दुसरी वाट ही चैन नसते. ती गरज असते.

उपाय आपल्या हाती आहेत. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये अडवलेली वहिवाटीची वाट खुली करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. परंतु अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दाद मागावी लागते. मौन बाळगल्यास हक्क निसटतो. ग्रामसभेत गावनकाशा उलगडून पाणंदींची नोंद करून घ्यावी. आणि जमीन विकताना आपणच शेजाऱ्याची वाट विकत नाही ना, हेही प्रत्येकाने स्वतःस विचारावे. कुंपण घालण्याचा अधिकार आपणास आहे. परंतु पाणंद आपल्या एकट्याची कधीच नव्हती.