बांयचे पाणी गोड, म्हणून चांगले?

मोडशी हा शब्द आता आमच्याकडे जुन्या माणसांच्या तोंडीच उरला आहे. पोट बिघडले, उलट्या-जुलाब झाले की आजी म्हणायची, मोडशी झाली. हा आपला घरगुती शब्द एके काळी साता समुद्रापार गेला होता. पोर्तुगीजांनी त्याचे मोर्देशी केले, फ्रेंचांनी त्यातून ‘मोर द शियँ’, म्हणजे कुत्र्याचे मरण, असा भयंकर अर्थ काढला. १५४३ साली गोव्यात आलेल्या साथीचे वर्णन गास्पार कोरेइयाने करून ठेवले आहे, आणि १५६३ साली इथेच छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या ग्रंथातही या रोगाची चर्चा आहे. जुने गोवे ओस का पडले याची कारणे सांगताना इतिहासकार रोगराईबरोबर दूषित विहिरींचेही नाव घेतात. सच्छिद्र जमीन, दाट वस्ती आणि शेजारी शेजारी विहीर व शौचकूप! १८४३ साली राजधानी अधिकृतपणे पणजीला आली, पण जमीन तीच राहिली.

हे आठवायचे कारण, ‘आमच्या बांयचे पाणी किती गोड’ हे वाक्य मी अजून दर उन्हाळ्यात ऐकतो. ते खोटे नाही. पण गोडी जिभेला कळते, जंतू जिभेला कळत नाहीत. नायट्रेटही कळत नाही.

कोणी म्हणेल, आता घरोघरी नळ आहेत, बांय कोण पितो? खरे आहे, २०२२ साली गोवा हे ‘हर घर जल’ प्रमाणित झालेले देशातले पहिले राज्य ठरले. पण ऑगस्ट २०१९ आठवा. खांडेपारला मोठी जलवाहिनी फुटली आणि फोंडा, तिसवाडीचे नळ कित्येक दिवस कोरडे राहिले. अशा वेळी हात कुठे वळतो? टँकरकडे, नाहीतर वाड्यावरच्या बांयकडे, जिची झाकणी वर्षानुवर्षे कोणी उघडलेली नसते. शिवाय देवळांच्या अग्रशाळा आहेत. एरवी चार माणसे आणि जत्रेला चारशे, पण विहीर एकच! डोंगराकडच्या वाड्यांवर झरीचे पाणी नळीने टाकीत आणि टाकीतून घरात येते. या छोट्या योजनांना ना अभियंता, ना रोजचा रखवालदार. ज्याला वेळ मिळेल तो बघतो, म्हणजे बहुधा कोणीच बघत नाही.

आपल्याकडे यावर उपाय ठरलेला आहे: नमुना बाटलीत भरा, प्रयोगशाळेत पाठवा, ‘पिण्यास योग्य’ असा कागद आणा, फाईलला लावा. या कागदावर माझा राग नाही. पण तो त्या दिवसाच्या त्या बाटलीविषयी बोलतो. नमुना फेब्रुवारीत घेतला आणि साथ जूनमध्ये आली, तर कागदाचा काय दोष? २००० सालच्या मे महिन्यात कॅनडातल्या वॉकर्टन या छोट्या गावात जोराचा पाऊस झाला, शेतातले शेणखत उथळ विहिरीत उतरले. क्लोरीन किती उरते हे रोज मोजायचे काम न करताच नोंदवहीत आकडे भरले जात होते. सात माणसे दगावली, दोन हजारांहून अधिक आजारी पडली. ती विहीर धोक्याची आहे हे १९७८ मध्ये ती खणली तेव्हापासून माहीत होते. अवघ्या पाच हजार वस्तीचे गाव, श्रीमंत देश, प्रयोगशाळा हाताशी!

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना २००४ पासून सांगत आली आहे की पाणी तपासण्याआधी वाट तपासा, पाणी कुठून येते आणि त्यात घाण कुठून शिरू शकते ते. विहिरीसाठी त्यांची साधी प्रश्नावली आहे. दहा मीटरच्या आत शौचालय आहे का? ते चढावर आहे का? कठड्याभोवतीचा काँक्रीटचा ओटा एक मीटरपेक्षा कमी रुंद आहे का, त्याला तडे आहेत का? सांडलेले पाणी तिथेच साचते का? दोरी-बादली जमिनीवर लोळते का? ‘हो’ मोजायचे की धोक्याचा अंदाज येतो. दहावी झालेली मुले अर्ध्या तासात करतील असे काम आहे.

मात्र त्या प्रश्नावलीतले दहा मीटर मला आपल्यासाठी अपुरे वाटतात. आपल्या बांयी चिऱ्यात खणलेल्या. जांभा दगड पोकळ, नळ्या-नळ्यांचा. त्यातून पाणी गाळले जात नाही, धावते. त्यात जुलैत भूजल इतके वर येते की पुष्कळ बांयी काठोकाठ भरतात. मग सेप्टिक टाकीचा शोषखड्डा जमिनीत उरतच नाही, तो भूजलातच बसलेला असतो. मे महिन्यात ज्या खड्ड्याखाली चार मीटर कोरडी माती होती, तो आता शेजारच्या विहिरीचा भागीदार! किनारपट्टीवर भाड्याच्या खोल्या वाढल्या, तसे हे भागीदारही वाढले. कुळागरातली गोष्ट वेगळी. तिथे वर झर आणि खाली माड-पोफळी, पण कोळेरोगावर मारलेले बोर्डो मिश्रण कुठे धुतले, याची चौकशी झरीच्या मालकाने जरूर करावी.

तपासणीच करायची तर पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच करा. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी १९८२ साली एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली होती. औषध लावलेला कागद असलेल्या बाटलीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचे, काळे पडले तर मैला मिसळल्याचा संशय. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको. नायट्रेट यात कळत नाही, पण पहिला इशारा मिळतो. ती शाळेशाळेत का नाही, हे मला उमगत नाही.

टीसीएल पावडरीचेही तसेच. मूठभर टाकली म्हणजे झाले, ही समजूत चुकीची. तीन मीटर व्यासाच्या बांयत चार मीटर पाणी असेल तर ते साधारण अठ्ठावीस हजार लिटर होते. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरले तर सत्तर ग्रॅम पावडर. तीही सीलबंद पिशवीतली, पावसाळी हवेत महिनाभर उघडी राहिलेली नव्हे. (बांयत डासांसाठी गप्पी मासे सोडलेले असतील तर आधी काढा, बिचारे मरतात.)

आणि सां जुआंव! २४ जूनला बांयत उड्या मारायची ही रीत बंद करा असे मी मुळीच म्हणणार नाही. गोव्यात राहून असे म्हणणारा माणूस मला शहाणा वाटत नाही. पण वाड्याने उड्यांची बांय आणि पिण्याची बांय वेगळी ठरवावी. एकच असेल तर दुसऱ्या दिवशी तिचा उपसा करून औषध टाकेपर्यंत नळाचे पाणी प्यावे. हे काम कोणाचे, ते मेच्या ग्रामसभेत नावानिशी वहीत लिहून घ्यावे, आणि वही पंचायतीच्या कपाटात नको, बांयजवळच्या घरात ठेवावी.