बॅकग्राउंड काढू नका

सोलापूरच्या पूर्व भागात फोटो विणून मिळतो. चादर-टॉवेलच्या या गावात वॉल हँगिंगचं कसब निराळंच. शिवाजी महाराज, बाबासाहेब, झालंच तर वाढदिवस असलेले एखादे साहेब, सगळे धाग्यात उतरतात. फोटो ग्राफवर मोठा करायचा. एकेक चौकोन म्हणजे उभा आणि आडवा धागा भेटतात ती जागा. त्याबरहुकूम पत्त्यांना भोकं पाडायची. भोक आलं की मागावरचं जकार्ड यंत्र तो उभा धागा उचलतं, नाही तर धागा खालीच राहतो. करडी छटा काळा धागा किती वेळा वर ठेवला यावर ठरते. डोळ्यापाशी चार चौकोन चुकले की साहेब तिरळे! आता ही आखणी संगणकावर होते, डोळे वाचले.

पण ग्राफ असो की संगणक, आधी फर्मान सुटतं, ‘बॅकग्राउंड काढा.’ माझं भांडण तिथंच आहे.

फ्रान्समधल्या ल्योंमध्ये 1839 साली, या यंत्राला ज्याचं नाव मिळालं त्या जकार्डचीच रेशमी तसबीर विणली गेली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये फोटोग्राफीची कला जाहीर झाली. तसबिरीला लागले सुमारे 24,000 पत्ते. हे पत्ते काही नुसत्या चेहऱ्यापायी खर्ची पडले नाहीत. मागच्या भिंतीवरची हत्यारं, मागाची छोटी प्रतिकृती, सगळं जागच्या जागी आहे.

इकडे सोलापुरात 1877 साली जुनी मिल निघाली, मग गिरण्यांची रांग लागली. गिरण्यांचे जुने ग्रुप फोटो अजून कुणाकुणाच्या भिंतीवर असतात. मध्ये खुर्चीत साहेब, बाजूला खात्याचे मास्तर, खाली ‘बसलेले, डावीकडून’ अशी नावांची ओळ. बायका असल्याच तर कडेला, आणि त्यांच्यापर्यंत ती ओळ पोचत नाही. त्यांनी कांड्या भरल्याशिवाय धोटा चालत नाही, हे मात्र फोटोतल्या प्रत्येकाला ठाऊक.

अशा फोटोची ती कडाच विणायला घ्यावी. साहेबांची खुर्ची अर्धी कापली गेली तरी चालेल.

अडचण एकच, रंगाची. फोटो काळापांढरा, लुगडं हिरवं होतं की जांभळं, संगणक काय सांगणार? त्यासाठी पूर्व भागातल्या एखाद्या आजीपुढे फोटो धरावा लागेल. विडी वळता वळता ती तेलुगूत रंग सांगेल, काठही सांगेल, आणि ‘हिचा नवरा संपात घरी बसला तेव्हा हिच्याच पगारावर चूल पेटायची’ असं काहीबाही जोडेल. डिझायनरने ते लिहून घ्यावं. ग्राफ त्यानंतर.