सत्कार पुरे, काम द्या

गेल्या हिवाळ्यात बडोद्यातील आमच्या एका स्नेह्यांचा निवृत्तीनिमित्त सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र सारे यथासांग पार पडले. पाच वक्त्यांनी एकच उपदेश केला : "आता तुम्ही मोकळे झालात, आता आराम करा." सत्कारमूर्ती व्यवसायाने अभियंते. उत्तरादाखल ते चार वाक्ये बोलले आणि खाली बसले. त्यानंतर तीन महिन्यांनी त्यांच्या पत्नी आमच्या घरी आल्या होत्या. चहाचा पेला हातात धरून त्या म्हणाल्या, "भावोजी, हे रोज सकाळी नऊ वाजता बूट घालून तयार होतात, आणि मग त्यांना आठवते की आता जायचे कोठेच नाही."

त्या बुटांची गोष्ट ऐकून मी हसलो नाही, कारण निवृत्तीनंतरची दोन वर्षे मीही तसेच काढली होती. त्या अनुभवाच्या आधारावर मला येथे एक गोष्ट स्पष्ट शब्दांत मांडायची आहे. आपल्या समाजाने निवृत्त माणसासाठी आराम आणि मान अशा दोनच जागा राखून ठेवल्या आहेत, आणि त्या दोन्ही त्याला आतून पोखरतात. त्याला हवे असते ते काम : थोडे, ठरलेल्या वेळेचे, कोणाला तरी खरोखर लागणारे, चुकले तर चूक दाखवता येईल असे, आणि ज्याचे दाम मिळते असे. या शेवटच्या अटीवर पुष्कळांच्या भुवया उंचावतील याची मला कल्पना आहे. त्यांच्यासाठीच हा लेख आहे.

प्रथम आरामाचा विचार करू. गुजरात राज्याच्या सेवेतील माणूस ५८ व्या वर्षी घरी येतो, केंद्र सरकारचा ६० व्या, मध्य प्रदेश शासनाचा २०१८ पासून ६२ व्या वर्षी. त्यापुढे पंधरा-वीस वर्षे धडधाकट जगणारी माणसे आपल्या प्रत्येक घरात आहेत. पंधरा वर्षांचा आराम ही विश्रांती नव्हे, ती शिक्षा आहे. विश्रांती कामानंतर गोड लागते. कामाशिवायच्या विश्रांतीला आळस म्हणण्याचा प्रामाणिकपणा आपल्या आजोबांपाशी होता, तो आपण गमावला आहे.

आणि हा आराम तरी सर्वांच्या वाट्याला कोठे येतो? शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंना कोणी आराम करा असे म्हणत नाही. त्यांना सांगतात, "आता नातवंडांकडे बघायला वेळ मिळेल." तीस-पस्तीस वर्षे व्याकरण शिकवलेली बाई एका दिवसात पुन्हा स्वयंपाकघरात जमा होते आणि कोणाला त्यात नवल वाटत नाही. नातवंडे प्रिय असतातच. पण प्रेम हा बुद्धीच्या उपासमारीवरचा इलाज नव्हे.

आता मानाकडे वळू. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात मी तीन संस्थांचा सल्लागार आणि एका समितीचा मानद कोषाध्यक्ष झालो. हे सारे पद 'मानद' असते, म्हणजे त्याचे वेतन नसते, वेळ ठरलेली नसते आणि जाब विचारणाराही नसतो. बैठकीला आलो तर उपकार, न आलो तर प्रकृती बरी नसेल. एका समितीत वार्षिक अहवालाचा मसुदा माझ्याकडे पाच महिने पडून होता, आणि एकाही सभासदाने मला त्याविषयी विचारले नाही. विचारणे हा माझ्या वयाचा अपमान ठरला असता. त्या दिवशी मला प्रथम कळले की आपण आता उपयोगाचे उरलो नसून शोभेचे झालो आहोत. आपल्या अनेक जुन्या संस्था मरणपंथाला का लागल्या याचे एक उत्तर या 'मानद' शब्दात दडलेले आहे. खुर्च्या आम्ही अडवून बसलो आहोत, आणि कामाची टेबले रिकामी आहेत.

अशी टेबले कोठे रिकामी आहेत? एकच सांगतो, कारण ते मला ठाऊक आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, तंजावर या साऱ्या ठिकाणी आपले पूर्वज ज्या लिपीत कारभार करीत होते, ती मोडी लिपी वाचणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. संस्थानी दफ्तरांतले रुमाल सोडाच, आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेतील खरेदीखत, इनामाची सनद, पणजोबांचा जमाखर्च यांतली एक ओळ आपल्याला लागत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण ठिकठिकाणी पेढे वाटले. त्या अभिजात भाषेतले स्वतःच्या घरचे कागद आपल्याला वाचता येत नाहीत, याची खंत मात्र कोणी व्यक्त केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

मोडीकडे मी योगायोगाने वळलो. एका परिचित वकिलांकडे एका कुटुंबाच्या वाटणीच्या वादातले जुने कागद आले होते आणि ते वाचणारे कोणी मिळेना. माझ्या वडिलांना मोडी येत असे. मला फक्त ती वाचताना त्यांचा चष्मा नाकावर घसरलेला आठवत होता. मी पुस्तक आणले आणि शिकू लागलो. आधी पानभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे लटकवीत जायचे. शब्दाशब्दांत जागा सोडलेली नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा बहुधा भेद नाही. नावांची आणि मायन्याची संक्षिप्त रूपे वेगळीच. पहिले पान लावायला मला अकरा दिवस लागले. सहा महिन्यांनी त्या वकिलांनी मला आठवड्यातून तीन सकाळी बोलावले आणि पानामागे दर ठरवला.

तिसऱ्याच महिन्यात माझी चूक झाली. जुन्या मराठी कागदांवर सुहूर सन असतो. हा सन मृगाच्या सुमारास पालटतो. म्हणून पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला त्यात ५९९ मिळवावे लागतात आणि जानेवारीनंतरच्या कागदाला ६००. मी सरसकट ६०० मिळवले. भाद्रपदातला एक कागद एका वर्षाने पुढे गेला, आणि दत्तकपत्र आधीचे की दानपत्र आधीचे हा सगळा वादच उलटा झाला. वकिलांच्या हाताखालच्या पंचविशीतल्या मुलीने दुसऱ्या कागदाशी ताडून ती चूक पकडली आणि, "काका, हे असे कसे?" एवढेच विचारले. मला लाज वाटली. घरी येताना मात्र पावले हलकी पडत होती. नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत मी इतका वरिष्ठ झालो होतो की माझी चूक दाखवण्याचे धाडस कोणी केले नव्हते. ज्याची चूक कोणी काढीत नाही त्याच्या कामाची कोणाला गरज उरलेली नसते. त्या मुलीने मला पुन्हा गरजेच्या माणसांत आणून बसवले.

ही वार्ता आप्तेष्टांत पसरली तेव्हा मला पहिला प्रश्न विचारला गेला तो असा : "पैसे घेता?" प्रश्नातला सूर असा, की जणू मी सत्यनारायणाच्या प्रसादाचे बिल लावले आहे. "पेन्शन आहे, मुले कमावती आहेत, मग कशाला?" येथे मला आपल्या समाजाशी भांडायचे आहे.

फुकट काम म्हणजे सेवा आणि दाम घेतलेले काम म्हणजे हाव, हा आपला समज वरकरणी उदात्त पण परिणामी घातक आहे. त्या पंचविशीतल्या मुलीलाही मी आता मोडी शिकवतो आहे. उद्या तिला या विद्येवर चार पैसे मिळवायचे आहेत. मी पेन्शनर जर तेच काम फुकट करून देऊ लागलो, तर तिला दाम कोण देईल? फुकट राबणारा निवृत्त माणूस स्वतःला त्यागी समजतो, आणि नकळत एका तरुणाच्या पोटावर पाय देतो. विद्येला किंमत नाही असे गिऱ्हाईक एकदा शिकले की ते पुन्हा किंमत देत नाही. आणि ज्या विद्येवर पोट भरत नाही ती विद्या पुढची पिढी शिकत नाही. तेव्हा दर घ्यावा आणि तो बाजारात तरुण माणूस जेवढा घेईल तेवढाच घ्यावा. मिळालेले पैसे मग कोणी ग्रंथालयाला देवोत की नातवाला सायकल घेवोत. तो ज्याचा त्याचा प्रश्न.

दुसरा आक्षेप याच्या नेमका उलट आहे : म्हाताऱ्यांनी कामे धरून ठेवली तर तरुणांनी काय करावे? हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच मी अर्ध्या वेळेच्या कामाविषयी बोलतो आहे. निवृत्तीनंतर मुदतवाढ मिळवून त्याच खुर्चीत पुन्हा पूर्ण वेळ बसणाऱ्यांचा मी समर्थक नाही. ज्या कामावर एखाद्या तरुण घराचा संसार चालू शकतो त्याला आपण हात लावू नये. मात्र आठवड्याचे दहा-बारा तास मागणारी, पूर्ण वेळेचा पगार ज्यावर निघत नाही आणि म्हणून कोणीच करीत नाही, अशी कामे प्रत्येक गावात विखुरलेली आहेत. ती आपली. आणि ज्या दिवशी त्यावर एखाद्या तरुणाचे पोट भरेल, त्या दिवशी आपण बाजूला व्हावे.

तिसरा आक्षेप नवा आहे : आता हे यंत्र करील. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, आणि २०२५ मध्ये रुडकीच्या आय.आय.टी.ने मोडीचे देवनागरीत रूपांतर करणारी संगणकप्रणाली विकसित केल्याचे जाहीर केले. मला याचा आनंदच आहे. पण यंत्राला शिकवायलाही आधी कोणी जाणत्याने पाने वाचून द्यावी लागतात, आणि यंत्राने लावलेले वाचन बरोबर की चूक हे सांगायलाही वाचणाराच लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली, तेव्हा जुन्या दफ्तरांपुढे बसवण्यासाठी मोडी वाचकांचा ठिकठिकाणी शोध घ्यावा लागला. त्या प्रश्नाच्या राजकारणाशी मला येथे कर्तव्य नाही. एवढेच दिसले, की लाखो लोकांच्या हक्काचा प्रश्न ज्या कागदांवर येऊन ठेपला, ते वाचणारी माणसे तयार ठेवण्याचे भान आपल्यापैकी कोणाला नव्हते.

निवृत्तीनंतर नवे काय होणार, असे म्हणणाऱ्यांना मी बडोद्याचेच उदाहरण देतो. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली सयाजीराव महाराजांच्या सेवेत आले आणि १९२५ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, ती सोडून कामशेतला राहायला गेले. पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड त्यांच्या संपादनाखाली निघाले ते त्यानंतर, १९३० ते १९३४ या काळात. आणि इंग्रजीतील मराठ्यांच्या इतिहासाचे तीन खंड १९४६ ते १९४८ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर. आपण सारे रियासतकार नव्हे, हे मला कळते. पण त्यांच्यापाशी जे होते त्यातली एक गोष्ट आपल्यालाही परवडण्यासारखी आहे : समोर रुमाल, आणि उद्या सकाळी तो सोडायचा आहे ही खात्री. बडोद्यात त्यांचा गौरव करणारी भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. गौरव करणाऱ्यांपैकी एकानेही रुमाल सोडलेला मी पाहिला नाही, आणि त्या गौरव करणाऱ्यांत दोन वर्षे मीही होतो.

नुसती टीका करून थांबणे मला प्रशस्त वाटत नाही, म्हणून आपल्या मंडळापुढे एक साधी सूचना ठेवतो. वाचनालयाच्या मागच्या खोलीतले एक टेबल आठवड्यातून दोन सकाळी मोडीसाठी मोकळे करावे. शिकू इच्छिणाऱ्या निवृत्त स्त्रीपुरुषांची नोंदवही ठेवावी. सहा महिने शिक्षण, मग घरोघरच्या ट्रंकांतील कागदांची यादी, मग वाचन. प्रत्येक पान दुसऱ्या वाचकाने तपासावे आणि दोघांनी सही करावी. दर जाहीर असावा. प्रत्येक दोन वृद्धांमागे एक तरुण बसवावा आणि त्याला पहिल्या दिवसापासून तोच दर द्यावा. या टेबलाला अध्यक्ष नको, उपाध्यक्ष नको, मानद तर कोणीच नको.

ज्यांना मोडीत रस नाही त्यांनी आपले टेबल शोधावे. हिशेबनीसाला छोट्या दुकानदारांच्या वह्या आहेत, शिक्षिकेला परप्रांतात वाढणारी, मराठी बोलणारी पण न वाचणारी आपलीच मुले आहेत. कसोटी एकच ठेवावी : मी उद्या गेलो नाही तर कोणाचे अडेल का? उत्तर 'नाही' आले तर ते काम नव्हे, तो सत्कारच, फक्त लांबलेला.

ते अभियंते स्नेही गेल्या महिन्यापासून माझ्यासोबत बसतात. अजून त्यांना मायन्यापुढची ओळ लागत नाही आणि ते मुलीच्या वयाच्या शिक्षिकेकडून बोलणी खातात. परवा त्यांच्या पत्नी भेटल्या तेव्हा मी बुटांची चौकशी केली. त्या म्हणाल्या, "आता नऊला नाही, पावणेनऊलाच घालतात."

ज्यांना हे पटले नसेल त्यांनी पुढच्या अंकात जरूर भांडावे. ज्यांना पटले असेल त्यांनी लिहू नये. सोमवारी सकाळी यावे.