गंजाची नोंदवही

मुंबईच्या रस्त्यांखाली ज्वलनशील वायूचे जे पोलादी नळ आहेत, त्यांना गंज लागू नये म्हणून मातीतून सौम्य विद्युत्प्रवाह पुरविण्यात येतो. ही युक्ती जुनीच. सर हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांवर तिचे तत्त्व आजमाविले होते. (तांबे वाचले, पण जहाजांना शिंपले चिकटू लागले!) प्रश्न आहे तो तपासणीचा. प्रवाह चालू असता घेतलेले माप फसवे असते, कारण मातीच्या विरोधामुळे पडणारा विद्युत्दाबही त्यात मिसळतो. प्रवाह तोडताक्षणी, तांबे-मोरचुदाच्या विद्युदग्राशी ताडून, काटा उणे ८५० मिलिव्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण दाखवील, तरच नळ निर्धास्त मानावा. मात्र त्यासाठी आसपासची सर्व प्रवाहयंत्रे एकाच क्षणी बंद करावी लागतात. काम कटकटीचे खरे. म्हणूनच चालू प्रवाहाचा आकडा वहीत भरून मोकळे होण्याचा मोह बळावतो. मेक्सिकोतील ग्वादलाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ रोजी गंजलेल्या नळातून झिरपलेले पेट्रोल गटारांत पेटले आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. आमच्या पायांखालच्या नळांची प्रवाह तोडून घेतलेली मापे कोणती, ती कोणत्या तारखेस घेतली, हे वॉर्डवार प्रसिद्ध करण्यास संबंधितांनी आता अनमान करू नये.