लांडग्याचा वाटा आणि चित्रपटाचा वाटा

सुशिक्षित कुटुंबांस हल्ली एक नवे व्यसन जडले आहे. रानात राहणारा माणूस आणि रानातले जनावर यांचे प्रेम पडद्यावर पाहावे, डोळे ओले करावेत, आणि आपणही निसर्गाच्या थोडे जवळ गेलो अशा समाधानात निजावे. या समाधानाविरुद्ध आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. निमित्त आमच्याच दोन विद्यार्थ्यांनी पुरविले आहे.

हे दोघे तरुण उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे लोक आणि लांडगे यांच्या नात्यावरील अनुबोधपट पाहून भारावले. आपल्याकडे धनगर आहेत, लांडगेही आहेत. मग आपण असा पट का करू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. येथवर आमची काहीच तक्रार नाही. छत्रपती संभाजीनगराहून कन्नडच्या बाजूस गेले की माळराने लागतात. तेथे धनगरांच्या एका वाड्यावर, म्हणजे त्यांच्या फिरत्या मुक्कामावर, दोघांनी तीन दिवस काढले आणि केलेले चित्रण आम्हांस दाखविले. मावळता सूर्य, मेंढ्यांची धूळ, बासरीचे सूर, आणि एक वृद्ध मेंढपाळ लांडग्याविषयी म्हणतो, "त्यालाबी प्वाट हाय." येथे पडदा काळा होतो.

पुढे काय झाले, असे आम्ही विचारले. "पुढचं कापलं, सर. जरा कंटाळवाणं होतं." आम्ही तो कापलेला भाग मागून घेतला. त्यात म्हातारा सहा-सात मिनिटे हिशेब सांगत होता. या हंगामात किती कोकरे गेली. मेंढ्यांभोवती लावावयाची वाघर कोठे फाटली. रात्री पाळीपाळीने कोण जागले. भरपाईसाठी पंचनामा हवा, पंचनाम्यास मेलेले जनावर हवे, आणि लांडगा तर कोकरू उचलून घेऊन जातो. तेव्हा दाखवावयाचे काय? शेवटी तो म्हणाला की नातू मेंढ्यांमागे येणार नाही, आणि न आला तेच बरे.

आमचे म्हणणे असे की अनुबोधपट व्हावयाचा तो या कापलेल्या भागातूनच. 'त्यालाबी प्वाट हाय' हे वाक्य खोटे नव्हे. परंतु ज्याच्या कळपातून कोकरू गेले त्याच्या तोंडी त्याचा एक अर्थ होतो, आणि ज्याचे काहीच गेले नाही त्याच्या कानी दुसरा. म्हाताऱ्याने नुकसान सोसून ते उद्गार काढले. आपण ते खुर्चीत बसून फुकट ऐकतो. नुकसानीचा आकडा काढून टाकला की औदार्य तेवढे पडद्यावर राहते आणि त्याची किंमत नाहीशी होते. मग मेंढपाळ हा माणूस न राहता आपल्या सोयीचा एक साधू बनतो.

ज्या ओजिब्वे लोकांचा कित्ता आमचे तरुण गिरवू पाहतात, त्यांच्याकडे तरी हे नाते निव्वळ गोड आहे काय? त्यांची जुनी कथा अशी की आदिमानव आणि माइंगन, म्हणजे लांडगा, यांनी जोडीने सारी पृथ्वी हिंडून वस्तूंना नावे दिली. पुढे निर्मात्याने दोघांच्या वाटा वेगळ्या केल्या आणि बजावले की एकाच्या नशिबी जे येईल ते दुसऱ्याच्याही येईल. चित्रपटवाल्यांस कथेचा पूर्वार्ध फार आवडतो. उत्तरार्ध मात्र इतिहासाने खरा केला आहे: लांडगे विष आणि बक्षिसे लावून मारले गेले, आणि ओजिब्वे लोकांच्या जमिनी गेल्या. विस्कॉन्सिन राज्यात फेब्रुवारी 2021 मध्ये 200 लांडग्यांच्या शिकारीची मर्यादा ठरली. 1837 आणि 1842 च्या तहांत राखून ठेवलेल्या हक्कांप्रमाणे त्यांतील 81 ओजिब्वे जमातींच्या वाट्याचे आणि 119 इतरांच्या वाट्याचे. ओजिब्वे जमातींनी आपला वाटा न मारण्याचे ठरविले. इतर शिकाऱ्यांनी मात्र तीन दिवसांच्या आत 218 लांडगे मारले. त्याच वर्षी सहा ओजिब्वे जमातींनी केंद्रीय न्यायालयात दावा लावला. तेव्हा ढोल आणि पिसे कितीही मनोहर असली, तरी ज्यास हे नाते दाखवावयाचे आहे त्याने तहाचे कागद आणि न्यायालयाची पायरी वगळून चालणार नाही.

अनुबोधपटास ही वगळण्याची खोड जन्मापासूनची आहे. फ्लाहर्टीचा 'नानुक ऑफ द नॉर्थ' 1922 साली आला. त्यातील नायकाचे खरे नाव अल्लाकारिआल्लाक; त्याच्या लोकांच्या हाती बंदुका आल्या असताना पडद्यावर मात्र त्यास भाला घेऊन शिकार करावयास लावले. 1930 साली खुद्द ओजिब्वे जीवनावर 'द सायलेंट एनिमी' हा चित्रपट निघाला आणि तो अस्सलपणाची ग्वाही देत निघाला. त्यातील शूर शिकारी झालेला नट ओजिब्वे तर नव्हताच, पण ज्या जमातीचा सरदार म्हणून तो मिरवत होता तिचाही नव्हता. दोन्ही चित्रपट देखणे आहेत, आणि म्हणूनच त्यांतील असत्य इतकी वर्षे टिकले.

यावर आमचे तरुण मित्र विचारतील, "वाघासाठी पैसा आहे, पर्यटक आहेत, लांडग्यास कोण विचारतो? थोडे गोड केल्यावाचून लोक पाहणार कसे?" आक्षेप खोटा नाही. 2022 च्या गणनेत देशातील वाघांचा सरासरी अंदाज 3,682 आला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीय द्वीपकल्पातील लांडग्यांचा अंदाज सुमारे 3,100 निघाला. दोघांसही 1972 च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. कौतुक मात्र एकट्या वाघाचे होते. आमची भाषाही लांडग्याशी मायेने वागलेली नाही. ओरबाडून खाण्यास आपण लांडगेतोड म्हणतो आणि खोट्या हाकाटीस 'लांडगा आला रे आला'. अशा जनावराची बाजू कोणी मांडू लागला तर आम्ही त्याच्या पाठीशी आहोत.

परंतु गोडव्याने ती बाजू लंगडी पडते. 2024 साली उत्तर प्रदेशात बहराइच जिल्ह्यात लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुले बळी गेली. लांडगा हा भाऊच आहे असे ज्यास पडद्याने शिकविले, तो अशी बातमी वाचताच बंदूक मागू लागतो. ज्यास भय, नुकसान आणि सोसणे ही तिन्ही दाखविली गेली, तोच थोडा विचार करील. दुसरा अपाय याहून वाईट आहे. मेंढपाळ हौसेने वाटा देतो असे एकदा ठरले, की त्यास भरपाई देण्याची निकड कोणासच उरत नाही.

आणि या साऱ्या चित्रणात गवत कोठे आहे? लांडगा आणि मेंढी दोघेही माळाच्या आधाराने जगतात. लांडगा माळावरच बीळ करून पिले वाढवितो. मेंढ्या तेथे चरतात आणि रात्री शेतकऱ्याच्या रानात बसून त्यास खत देतात, त्याबद्दल धनगरास धान्य वा पैसा मिळतो. हा माळ सरकारी नकाशात बहुधा 'पडीक' म्हणून नोंदला जातो. एकदा पडीक म्हटले की त्यावर झाडे लावणे हे पुण्य, आणि कारखाना उभारणे ही प्रगती. ओजिब्वे जमातींपाशी निदान तहाचा कागद होता. आमच्या धनगराचा वर्षानुवर्षांचा चराईचा रस्ता कोणत्या सातबाऱ्यावर लिहिला आहे? मनुष्य आणि लांडगा यांचे नशीब एक, ही दूरदेशीची कथा आमच्या माळावर जर कोठे खरी ठरत असेल तर ती येथे. तिच्यासाठी बासरीची गरज नाही. तलाठ्याचे दप्तर पुरेल.

दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली होती. कुंडीपुढे कॅमेरा ठेवून दिवसामागून दिवस ते रोपाची वाट पाहत राहिले. रोपास वाढण्याची घाई करावयास त्यांनी लावले नाही. आपल्या देशात चित्रपटाचा आरंभ अशा सबुरीने झाला, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावे. त्यांनी पुन्हा त्या वाड्यावर जावे, तीन दिवस नव्हे तर पावसाळा ते उन्हाळा. म्हाताऱ्याचा हिशेब पुरता ऐकावा. माळ कोणाच्या नावावर आहे ते विचारावे. आणि पट तयार झाल्यावर तो आमच्या सभागृहात आणण्याआधी वाड्यावर दाखवावा. तेथे कोणी हसले, तर कोठे हसले ते टिपून घ्यावे.

विद्यार्थी आमच्यावर थोडे रुसले आहेत. कापलेला भाग मात्र त्यांनी पुसून टाकलेला नाही, एवढे आम्ही विचारून घेतले आहे.