दवाखाना कोणी निवडायचा?

आपल्या घरांत दवाखाना सहसा रुग्ण निवडत नाही. मामूंच्या ओळखीचा डॉक्टर, चाचांच्या मित्राचं ऑपरेशन जिथे झालं ते हॉस्पिटल, मोहल्ल्यात ज्याचं नाव आहे तो दवाखाना, अशी ही निवड होते. ताप आला, हाड मोडलं, तर तेवढं पुरतंही. पण जन्मभर सोबत राहणाऱ्या दुर्मिळ आजाराला ते पुरत नाही. माझं म्हणणं साधं आहे. असा आजार असलेला मुलगा किंवा मुलगी सज्ञान झाली की उपचाराचं केंद्र त्यांनी स्वतः निवडावं, आणि इमारत बघून नव्हे तर प्रश्न विचारून निवडावं.

मला सिस्टिक फायब्रोसिस आहे. वय २७, राहायला सोलापूर. आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तर हा आजार होतो. ते दोघे स्वतः ठणठणीत असतात. या आजारात शरीरातले स्राव घट्ट आणि चिकट होतात, फुफ्फुसांत जंतू मुक्काम ठोकतात आणि बहुतेकांचे पाचकरस आतड्यापर्यंत पोचत नाहीत. घाम फार खारट असतो, म्हणून घामातलं क्लोराइड मोजणं ही निदानाची मुख्य तपासणी. आपल्याकडे मात्र खोकला आणि घटतं वजन दिसलं की आधी टीबीच आठवतो. मी टीबीच्या गोळ्यांचे दोन कोर्स केले, त्यानंतर घाम तपासला गेला.

पूर्वी हा लहान मुलांचा आजार मानला जायचा, कारण मुलं मोठी होतच नसत. आता अमेरिकेत या आजाराच्या रुग्णांत निम्म्याहून जास्त प्रौढ आहेत आणि त्यांच्यासाठी मान्यताप्राप्त केंद्रांचं जाळं आहे. भारतात तसं जाळं नाही. दिल्लीचं एम्स, वेल्लोरचं सीएमसी इथला अनुभव मोठा आहे, पण तो मुख्यतः बालरोग विभागांचा. त्यामुळे अठराव्या वर्षी अडचण सुरू होते. मुलांचे डॉक्टर म्हणतात, आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मोठ्यांच्या अनेक डॉक्टरांनी हा आजार फक्त पुस्तकात वाचलेला असतो.

म्हणून पहिला प्रश्न: तुम्ही या आजाराचे किती प्रौढ रुग्ण नियमित बघता, आणि सोबत कोण आहे? एकटा छातीचा डॉक्टर पुरत नाही. कफ काढायला शिकवणारा फिजिओथेरपिस्ट लागतो, आहारतज्ज्ञ लागतो, आणि या आजारातून होणारा मधुमेह ओळखणारा माणूस लागतो. दर तीन महिन्यांनी फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी आणि बेडक्याचं कल्चर, वर्षातून एकदा साखरेची चाचणी, ही जगभरची रीत आहे. ‘त्रास झाला की या’ एवढंच सांगणारी जागा केंद्र नव्हे.

दुसरा प्रश्न बाकड्याचा. या आजाराचे दोन रुग्ण शेजारी बसले तर एकाचे चिवट जंतू दुसऱ्याला लागू शकतात. म्हणून त्यांच्यात किमान दोन मीटर अंतर ठेवायचं असतं. तुम्ही आम्हाला वेगवेगळ्या वेळी बोलावता का, हे विचारा. या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर काय समजायचं ते समजा.

तिसरा प्रश्न खास आपला आहे. जेवणासोबत घ्यायच्या एन्झाइमच्या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. हे अनेक डॉक्टर सांगत नाहीत. मग एक दिवस कोणीतरी डबीवरचं वाचतं, घरात कुजबुज होते आणि पोरगं गुपचूप कॅप्सूल सोडतं. वजन उतरतं, मग फुफ्फुसंही ढासळतात. मजबुरीत सापडलेल्याला कुरआनने मुभा दिली आहे, आणि दुसरं औषध नसताना अनेक उलेमा त्याच आधारावर परवानगी देतात. पण हा निर्णय रुग्णाने माहिती घेऊन, मन शांत ठेवून करायला हवा. मला असा डॉक्टर हवा होता जो हे स्वतःहून सांगेल आणि रमजानमध्ये रोजा, पाणी, मीठ यांवर न हसता बोलेल. सोलापूरच्या उन्हाळ्यात आमच्या अंगातलं मीठ घामावाटे झपाट्याने जातं. तिथे ‘बघा, जमलं तर करा’ हे उत्तर चालत नाही.

चौथा प्रश्न निकाहचा. हा आजार असलेल्या पुरुषांपैकी सुमारे ९८ टक्क्यांना नैसर्गिकरीत्या मूल होत नाही, कारण शुक्राणू बाहेर येण्याची नळीच तयार झालेली नसते. शुक्राणू मात्र बनतात, त्यामुळे वैद्यकीय मदतीने बाप होता येतं. अनेक स्त्रियांना दिवस राहतात, पण गरोदरपणात देखरेख लागते. जोडीदाराची जनुक तपासणी आधी झालेली बरी, आणि स्थळ नात्यातलं असेल तर नक्कीच. एका मोठ्या खासगी रुग्णालयात मी बावीस वर्षांचा असताना डॉक्टरांनी हे सगळं अब्बांना सांगितलं. मी शेजारच्याच खुर्चीत होतो. ज्या केंद्रात डॉक्टर रुग्णाकडे बघून बोलत नाहीत, तिथे प्रौढाचा उपचार होऊच शकत नाही.

यावर वडीलधारे विचारतील, पैसा आमचा, धावपळ आमची, मग निर्णय तुझा कसा? त्यांचा हक्क मी नाकारत नाही. अब्बा अजूनही माझ्यासोबत येतात. पण तपासणीची पहिली दहा मिनिटं ते बाहेर बसतात. एवढ्याने कोणाचा मान कमी होत नाही, आणि मुलगा किंवा मुलगी जे घरात बोलू शकत नाही ते डॉक्टरांशी बोलू शकते.

पाचवा प्रश्न अंतराचा आणि पैशाचा. जवळचं बरं की चांगलं, असं भांडण लावू नका. दोन्ही लागतात. जाणतं केंद्र मुंबईत असेल तर तीन महिन्यांतून एकदा रात्रीची गाडी पकडा. पण गावातल्या छातीच्या डॉक्टरांना पत्र लिहिणारं आणि अडीनडीला त्यांचा फोन घेणारं केंद्रच निवडा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणाच्या यादीत हा आजार आहे. मुंबईचं केईएम त्या धोरणातलं उत्कृष्टता केंद्र आहे आणि अशा केंद्रांतल्या उपचारांसाठी २०२२ पासून मदतीची मर्यादा ५० लाख रुपये आहे. अर्ज कोण भरून देतं, जनुक तपासणीचा अहवाल कुठे मिळतो, हेही पहिल्याच भेटीत विचारा. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं तिहेरी औषध सगळ्यांना लागू पडत नाही. तुमचा जनुकदोष कोणता यावर ते ठरतं. ते आज परवडणार नाही, पण अहवाल हातात असावा.

दोस्तांनो, हे एकट्याने होत नाही. आपल्या जमाती ऑपरेशनसाठी मदत गोळा करतात, ती चांगलीच गोष्ट आहे. पण दर महिन्याच्या कॅप्सूल, दर तिमाहीचं गाडीभाडं, अर्ज लिहायला बसणारा शिकलेला पोरगा, हीदेखील मदतच आहे. आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत प्रौढांसाठी महिन्यातून एक दिवस असं क्लिनिक सुरू करा, ही मागणी आपण लावून धरू शकतो. तो एक दिवस मिळाला तर सोलापूर, नांदेड, अकोल्याच्या रुग्णांना निवडायला निदान काहीतरी असेल.